रेस किती द्यायची

यूट्यूबवर एक जुना व्हिडिओ आहे. आयर्टन सेना होंडाची एनएसएक्स घेऊन जपानमधल्या सुझुका सर्किटवर निघालाय, आणि कॅमेऱ्याला त्याच्या चेहऱ्यापेक्षा पायांतच जास्त रस आहे. पायात रेसिंगचे बूट नाहीत. एखाद्याच्या लग्नाला घालून जावेत तसले लोफर आणि पांढरे मोजे. डावा पाय क्लचवर. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, आणि ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाची कड शेजारच्या ॲक्सिलरेटरला मधूनच एक टोचणी देते. टोचणीसरशी इंजिन ओरडतं, हात गिअर खाली ओढतो, आणि गाडी जराही न अडखळता वळणात शिरते.

हा व्हिडिओ मी रात्री दीड-दोन वाजता, उशीवर फोन टेकवून, किती वेळा पाहिलाय याचा हिशेब नाही. ती टोचणी माझ्या नोकरीचा भाग आहे. मी पुण्यात गाड्यांच्या गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर लिहितो. सेनाचा पाय जे करतो ते करणारा कोड. ड्रायव्हरने खालचा गिअर टाकायला क्लच दाबला की इंजिनाचे फेरे नेमके किती वाढवायचे ते मोजायचं आणि तेवढे वाढवायचे. आमच्या टेस्ट बेंचवर हा कोड दिवसभर गिअर उतरवत बसतो आणि एकदाही चुकत नाही.

मला स्वतःला मात्र ते पायाने येत नाही. माझ्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये मी प्रयत्न केलाय. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यातलं अंतर सेनाच्या लोफरलाही पुरलं नसतं, असं मी स्वतःला सांगतो. खरं सांगायचं तर जमत नाही.

यातून एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. यंत्राला जे माझ्यापेक्षा चांगलं येतं ते मला यायची गरज काय? आणि गरज नसेल, तर ते न आल्याची लाज का वाटते?

आधी तांत्रिक भाग, कारण त्याशिवाय पुढचं हवेत राहील. समजा गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतंय. चौथ्याचं गुणोत्तर 1.2 आणि तिसऱ्याचं 1.6 धरू. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा टाकायचा तर इंजिनाला 4000 फेरे घ्यावे लागतील. हे हजार फेरे कुठून तरी यायला हवेत. तुम्ही काहीच केलं नाही आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला फरफटत वर ओढतात. तो झटका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मागे बसलेली आजी पुढच्या सीटवर आपटते तो. झटका टाळायचा तर क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला टोचून इंजिन आधीच 4000 वर नेऊन ठेवायचं. आपल्याकडचे ड्रायव्हर याला 'रेस देणे' म्हणतात. इंग्रजी शब्दापेक्षा मला हा बरा वाटतो. रेस दिली जाते. इंजिनाला काहीतरी हवं असतं आणि आपण ते देतो.

शर्यतीत अडचण अशी की गिअर उतरवायची वेळ आणि ब्रेक लावायची वेळ एकच असते. पाय दोन आणि पेडल तीन. म्हणून उजव्या पायाने दोन कामं करायची, चवड्याने ब्रेक आणि टाचेने किंवा कडेने रेस. यालाच हील अँड टो म्हणतात. झटका टाळणं म्हणजे नुसती सोय नव्हे. वळणाच्या तोंडावर मागची चाकं अशी फरफटली तर त्यांची पकड सुटते आणि गाडी गिरकी घेते.

याच्याही आधीची एक पायरी आहे. 1928 साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. गिअरच्या आत शंकूच्या आकाराची कडी असते, ती दात गुंतायच्या आधी घासून दोन्ही बाजूंचा वेग एक करते. त्याआधी हे कामही माणसानेच करायचं होतं. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग खालचा गिअर. मधे क्लच सोडायचा कशाला? कारण क्लच सुटलेला असेल तरच रेसचा फिरकावा गिअरबॉक्सच्या आतल्या दांड्यापर्यंत पोचतो. याला डबल क्लच म्हणतात. आज कोणत्याही साध्या गाडीत त्याची गरज नाही. म्हणजे जी कला येत नाही म्हणून मी हळहळतोय, तीसुद्धा एका यंत्राने निम्मी गिळल्यानंतर उरलेली आहे. सिंक्रो आला तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेलच, की आता ड्रायव्हर उरले नाहीत.

उरलेली निम्मी गिळायला साठेक वर्षं लागली. 1989 च्या मोसमातली पहिलीच शर्यत ब्राझीलमध्ये होती आणि फेरारीने 640 उतरवली. जॉन बर्नार्डच्या या गाडीत गिअरचा दांडा नव्हता, स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. एक ओढली की वरचा गिअर, दुसरी ओढली की खालचा. नायजेल मॅन्सेल ती पहिलीच शर्यत जिंकला. पुढे मोसमभर ती गाडी सारखी बंद पडली, पण दिशा ठरून गेली होती. हाताने गिअर टाकत फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवणारी शेवटची गाडी 1991 ची मॅकलॅरेन एमपी4/6. ड्रायव्हर अर्थातच सेना.

त्याच वर्षी त्याच गाडीतून सेना पहिल्यांदा मायदेशी जिंकला, इंटरलागोसला. ती शर्यत अजून सांगितली जाते, कारण त्याचा गिअरबॉक्स गेला होता. एकेक गिअर सोडून गेला आणि शेवटच्या फेऱ्या त्याने फक्त सहाव्या गिअरवर काढल्या. हळू वळणांत इंजिन बंद पडायच्या बेतात, त्याला जिवंत ठेवत, जेमतेम तीन सेकंदांनी जिंकला. हातखांदे इतके आखडले होते की ट्रॉफी उचलता येईना. हाताच्या गिअरची सगळ्यात थोर गोष्ट म्हणून लोक ही सांगतात, आणि मलाही ती ऐकून अंगावर काटा येतो, पण इंजिनिअर म्हणून पाहिलं तर ती एका बिघाडाची गोष्ट आहे. बिघडलेल्या यंत्राची भरपाई माणसाने शरीराने केली, इतकंच. हे आपण नेहमीच करतो. यंत्र नीट चाललेल्या हजार शर्यतींची कोणी पोथी लिहीत नाही.

पुढे 2000 नंतर काही वर्षं फॉर्म्युला वनमध्ये गिअर पूर्ण आपोआप बदलायचे. ड्रायव्हरने पाती ओढायचीसुद्धा गरज नव्हती. 2004 पासून नियमाने त्यावर बंदी आली. गिअर बदलायचं काम यंत्राने करावं, पण कधी बदलायचा हे ड्रायव्हरने ठरवावं. मला हा नियम फार आवडतो. इतक्या यांत्रिक खेळातल्या लोकांनी बसून विचार केला की यातलं नेमकं काय माणसाकडे राहिलं पाहिजे, आणि उत्तर काढलं: निर्णय. हाताचं कौशल्य गेलं तरी चालेल.

या उत्तरावर सगळे खूश झाले नाहीत. 2013 मध्ये पोर्शने नवी 911 जीटी3 आणली ती फक्त दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह. या बॉक्समध्ये एका क्लचवर विषम गिअर असतात, दुसऱ्यावर सम. तिसरा चालू असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, आणि बदल म्हणजे फक्त एका क्लचकडून दुसऱ्याकडे ताकद सोपवणं. पापणी लवायच्या आत होतं. पोर्शचं म्हणणं अगदी तर्कशुद्ध होतं: ही ट्रॅकवर वेगाने जायला बनवलेली गाडी आहे, हा बॉक्स माणसापेक्षा वेगवान आहे, मग क्लचचं पेडल कशाला?

गिऱ्हाइकं चिडली. 2016 मध्ये पोर्शने 911 आर काढली, मोजून 991 गाड्या, फक्त हाताचा सहा गिअरचा बॉक्स. त्या दुप्पट-तिप्पट भावाने पुन्हा विकल्या जाऊ लागल्या. 2017 मध्ये जीटी3 लाही हाताचा गिअर परत मिळाला. म्हणजे लोकांनी पैसे मोजून गाडी हळू करून घेतली.

हा वेडेपणा वाटत असेल तर बर्नार्ड सूट्स नावाचा एक तत्त्वज्ञ आठवावा. 1978 च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात त्याने खेळाची व्याख्या करून दाखवली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घेणं. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालायचा असतो ना? मग हातात घेऊन चालत जा आणि टाका. कोणी तसं करत नाही, कारण काठीने मारायचा हा अडथळाच खेळ आहे. तसंच, ट्रॅकवर पैसे भरून गोल गोल फिरणाऱ्या माणसाला कुठेच पोचायचं नसतं. त्याला लवकर पोचवणारा बॉक्स देणं म्हणजे शब्दकोड्यासोबत उत्तरं छापून देणं. पोर्शची चूक गणितात नव्हती. आपण काय विकतोय हेच त्यांना काही काळ कळलं नव्हतं.

आमचा कोड मग कुठे बसतो? हाताचा गिअर आहे, क्लच आहे, फक्त रेस गाडी स्वतः देते. ही सोय निसानने 2009 च्या 370झेडमध्ये आणली आणि गिअरच्या दांड्याजवळ ती बंद करायचं एक बटणही दिलं. नंतर इतरांनीही दिलं. मला त्या बटणाचं हसू येतं. आम्ही महिनोन् महिने खपून एक गोष्ट अचूक करतो, आणि मग ती बंद करायची सोयही तितक्याच काळजीने लिहितो, कारण काही लोकांना चुकायचं असतं.

'चुकायचं असतं' हे मी सहज लिहिलं, पण त्यात बरंच आहे. हाताच्या गिअरमध्ये एक चूक असते, तिला 'मनी शिफ्ट' म्हणतात. तिसऱ्यातून चौथा टाकायला जावं आणि घाईत दुसरा पडावा. इंजिनाने फार वर जाऊ नये म्हणून मर्यादा घातलेली असते, पण ती मर्यादा इंधन तोडते. इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात, इंधन नाही. फेरे लाल रेषेच्या पार जातात, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना तो वेग झेपत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एका मनगटाच्या चुकीत अख्खं इंजिन. नावात मनी का आहे ते कळलं असेल.

ह्युंदाईच्या आयोनिक 5 एन या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर आहेत. मोटारीला गिअर बदलायची गरजच नसते, म्हणून सॉफ्टवेअर आठ गिअर असल्याचं नाटक करतं. पाती ओढली की हलका झटका, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज, मर्यादेला अडकल्यासारखं थरथरणं. टोयोटानेही खोटा क्लच आणि खोटा दांडा असलेली इलेक्ट्रिक गाडी प्रयोगादाखल बनवून दाखवलीय. रॉबर्ट नोझिकने 1974 मध्ये विचारलं होतं की हवा तो अनुभव हुबेहूब देणाऱ्या यंत्राला स्वतःला जोडून घ्याल का. आता ते यंत्र शोरूममध्ये आहे. खोट्या गिअरमध्ये सगळं आहे, फक्त मनी शिफ्ट नाही. तुम्ही कसेही वागा, काही मोडत नाही. माझं मत बरेच दिवस पक्कं होतं: जिथे चुकायची सोय नाही तिथे कौशल्य नाही, आणि चुकीची किंमत करणाऱ्याने स्वतः भरली पाहिजे.

हे मत घेऊन मी गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो.

मामांनी सत्तावीस वर्षं ट्रक चालवला. कोल्हापूरहून गुळाच्या ढेपी भरायच्या आणि मुंबईला रिकाम्या करायच्या. सुरुवातीच्या ट्रकच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नव्हता. म्हणजे डबल क्लच ही त्यांच्यासाठी कला वगैरे नव्हती, गिअर टाकायची तीच एक रीत होती. बोरघाट भरल्या गाडीने उतरायचा. उतारात खालचा गिअर टाकायला जाऊन तो पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. मग इंजिनाची रोखून धरणारी ताकद संपली, सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापले की पकडेनासे होतात. सेना चुकला तर शर्यत हरणार होता.

मी त्यांना व्हिडिओ दाखवला. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी नीट पाहिला, दोनदा.

"ब्रेक पण दाबतोय आणि रेस पण देतोय होय?"

"हो ना मामा. एकाच पायाने."

"मग गिअर आधीच का नाही उतरवला? वळण दिसत हुतं की."

"शर्यत आहे ती. शेवटपर्यंत वेगात यायचं असतं."

"अस्सं." फोन परत देत ते म्हणाले, "आमी घाटाच्या तोंडालाच गिअर टाकायचो. उतारात गिअरला हात लावायचा न्हाई. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, हे शिकवलेलं आमाला."

म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर जी कौशल्याची परमावधी होती, ती त्यांच्या हिशेबात वेळेवर विचार न केल्याची सारवासारव होती. मी चौकशी चालू ठेवली. चांगला ड्रायव्हर कसा ओळखायचा? ते म्हणाले, किन्नर झोपलेला असला पाहिजे. गिअर बदलताना किन्नर जागा झाला तर ड्रायव्हर कच्चा.

हे मला इतकं आवडलं की मी हुरळून बोलून गेलो, "मामा, आता हे सगळं जाणार. आता सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक."

"जाऊ दे की," ते म्हणाले.

आणि त्यांनी डावा गुडघा चोळला. मुद्दाम नाही, ते दिवसातून वीस वेळा चोळतात. जुन्या ट्रकचा क्लच म्हणजे तुमच्या-माझ्या गाडीचं पेडल नव्हे. घाटात जाम लागला की तासन् तास तो दाबायचा आणि सोडायचा. त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी क्लच नसलेली छोटी गाडी घेतली, आणि ती आल्यापासून मामा पुन्हा गाडी चालवायला लागलेत. त्याआधी सहा-सात वर्षं त्यांनी सोडूनच दिलं होतं. यंत्राने त्यांचं कौशल्य काढून घेतलं नाही. त्यांना रस्ता परत दिला.

त्या रात्री मला माझ्या आईचा पाटा-वरवंटा आठवला. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही, हे आमच्या घरात बाबा आणि मी अनेक वर्षं म्हणत आलो. आई कधीच म्हणाली नाही. ती मिक्सर लावते. सूट्सची व्याख्या इथे उपयोगी पडते, पण उलट्या बाजूने. त्याने 'आपखुशीने' हा शब्द घातलाय. तोच अडथळा आपखुशीने घेतला तर खेळ, लादला गेला तर कष्ट. क्लचचं पेडल एकच. पोर्शच्या गिऱ्हाइकाला ते हवं म्हणून तो जास्तीचे पैसे मोजतो, मामांनी त्यासाठी गुडघा मोजला. आणि 'हाताने करण्यात जी मजा आहे ना' हे वाक्य नेहमी तोच म्हणतो ज्याला ते न करायची मुभा असते. चुकीची किंमत करणाऱ्याने स्वतः भरावी, हे माझं बाणेदार मत मामांसमोर बोलायची माझी हिंमत झाली नाही. ते किंमत रोज भरत होते. त्याने त्यांचं काम थोर झालं असं त्यांना कधी वाटलं नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. मामांना नको, आईला नको, मग मलाही नको. यंत्र करू दे. पण दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच छोट्या गाडीतून आंबा घाटाकडे निघालो, मामा चालवत होते. सपाटीवर एका हाताने आरामात. उतार सुरू व्हायच्या जरा आधी त्यांनी दांडा बाजूला ओढून हाताच्या पट्टीत घेतला आणि गिअर खाली आणून दुसऱ्यावर धरून ठेवला.

"त्याचं तो करतो की मामा, आपोआप."

"करतो. पर त्याला म्होरलं वळण दिसत न्हाई."

तांत्रिकदृष्ट्या हे शंभर टक्के बरोबर आहे. असा बॉक्स वेग आणि पेडल पाहून ठरवतो. जे झालंय ते त्याला कळतं, जे येणार आहे ते नाही. (आमच्या क्षेत्रात यालाही उत्तर आहे. रोल्स-रॉइसच्या 2013 च्या रेथमध्ये गिअरबॉक्स उपग्रहाच्या नकाशावरून पुढचा रस्ता पाहून गिअर निवडतो. मामांना हे सांगितलं नाही.) पण मला धक्का बसला तो वेगळ्या कारणाने. मामांनी गुडघ्याचं काम यंत्राला खुशाल देऊन टाकलं होतं आणि निर्णय स्वतःकडे ठेवला होता. फॉर्म्युला वनच्या 2004 च्या नियमाचंच हे रूप, कोणी सांगितल्याशिवाय. मात्र मामांना कधी हस्तक्षेप करायचा हे कळतं, कारण सत्तावीस वर्षं ते सगळं हातापायाने केलंय. त्यांच्या मुलाला कळत नाही. तो घाटभर ब्रेक दाबून उतरतो. त्याच्याकडेही निर्णय आहेच की, पण तो घ्यायला लागणारा कान नाही.

हे वाचताना तुमच्यापैकी जे माझ्याच धंद्यात आहेत त्यांना मी कुठे चाललोय ते कळलं असेल. गेलं वर्षभर माझा बराचसा कोड मी लिहीत नाही. एआय लिहितं, मी वाचतो आणि पुढे पाठवतो. सगळे तेच करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी मानत होतो. फेब्रुवारीत रेस देण्याच्या कोडमध्ये एक बदल होता. लिहून आला, मी वाचला, स्वच्छ दिसला, मंजूर केला. दोन दिवसांनी बेंचवर एका चाचणीत चौथ्यातून चुकून दुसरा गिअर पडल्याचं सोंग केलं गेलं, इंजिन 5400 वर असताना. कोडने इमानदारीत गुणाकार केला आणि इंजिनाकडे 9450 फेरे मागितले. लाल रेषा 7000 ला. मर्यादेची तपासणी कोडमध्ये होती, मी वाचताना ती पाहिलीही होती. पण ती मागणी पाठवून झाल्यानंतरच्या ओळीत होती.

बेंचवर गाडी नसते, इंजिन नसतं, नुसते आकडे असतात. शिवाय खऱ्या गाडीत इंजिनाच्या स्वतःच्या कंट्रोलरने ती मागणी झिडकारली असती. काही मोडलं नाही, कोणी ओरडलंही नाही. मी ओळ वर उचलून ठेवली, पाच मिनिटांचं काम. पण तीन वर्षांपूर्वी ही ओळ मी स्वतः लिहिली असती तर ती तिथे पडलीच नसती. मी हुशार होतो म्हणून नव्हे. लिहिताना मी मनातल्या मनात गिअर टाकत असे, म्हणून. वाचताना टाकत नाही.

लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्येच यावर एक शोधनिबंध लिहून ठेवलाय, 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन'. त्यांचा मुद्दा असा की सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात: यंत्रावर नजर ठेवणं, आणि ते चुकलं की सावरणं. ही दोन्ही अवघड आहेत, आणि ज्या रोजच्या सरावातून ती जमली असती तो सराव आपण नुकताच काढून घेतलेला असतो. मामा सुरक्षित आहेत कारण त्यांचा सराव आधी झाला, यंत्र नंतर आलं. मी बॉर्डरवर आहे.

आमच्याकडे जानेवारीपासून एक इंटर्न आहे. तिचा सरावच अजून व्हायचाय. ती घटना तिला कळली तेव्हा तिने सरळ विचारलं, "मग मी हे हाताने लिहायला शिकू का? खरं सांग. दोन महिने जातील आणि बाकीचे पुढे जातील."

तिला खेळाची व्याख्या सांगून काय उपयोग? तिच्यासाठी हा अडथळा आपखुशीचा नाही, तिला नोकरी पक्की व्हायला हवीय. आणि शीक म्हणावं, तर मी पाट्यावरच्या चटणीचं कौतुक करणारा ठरतो; वेळ तिचा जाणार, समाधान मला मिळणार. नको म्हणावं तर मी तिला घाटभर ब्रेक दाबून उतरायला सांगतोय. मी म्हटलं, एवढा एक भाग हाताने लिही, रेस द्यायचा. बाकीचं काहीही वापर. आणि मॅनेजरकडे जाऊन सांगितलं की तिचे हे दोन आठवडे माझ्या नावावर लावा, उशीर झाला तर माझा. दोन महिन्यांचे दोन आठवडे झाले हे मला दिसतंय. तेवढेच माझ्या हातात होते.

कागदावर तिने पहिल्याच दिवशी गणित मांडलं, 1.6 भागिले 1.2. मग म्हणाली, "पण तुला हे गाडीत येतं का?"

म्हणून पाडव्याला मी पुन्हा मामांकडे गेलो, माझी हॅचबॅक घेऊन. गावाबाहेर साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता गाळप संपल्यावर रिकामा असतो. हील अँड टो मामांनी आधीच बाद केलं, ब्रेकला हात लावू नको म्हणाले, म्हणजे पाय. डबल क्लच शिकवतो म्हणाले. माझ्या गाडीला सिंक्रो आहे, त्याची काही गरज नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे.

पहिल्या दहा-बारा वेळा नुसते झटके. रेस जास्त, मग कमी, मग वेळेवर नाही. "आवाज ऐक," मामा म्हणत होते, "काट्याकडे बघू नकोस." मी काट्याकडेच बघत होतो, 4000 हा आकडा मला पाठ आहे, त्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. अर्ध्या तासाने त्यांनी सीट मागे पाडली, हाताची घडी घातली आणि डोळे मिटले.

"मी झोपलो. टाक आता थर्ड."

क्लच, न्यूट्रल, क्लच सोडला, रेस, क्लच, तिसरा.

"जागा झालो," मामा डोळे न उघडता म्हणाले. "परत चौथा घे."